चंदनाचा वास छान, दाढीचं काय?

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला दाढीचा साबण आता तळाला लागलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. नाव देत नाही. घरगुती पद्धतीचा, लाकडी डबीतला, चंदनाच्या वासाचा, साडेचारशे रुपयांचा. अशा वर्णनाचे साबण हल्ली ढिगाने मिळतात.

वास खरंच सुरेख. पहिल्या दिवशी बायकोने विचारलं, "कसली पूजा आटोपून आलात?" कौतुक इथे संपलं.

ब्रश फिरवला की अर्ध्या मिनिटात फेसच फेस. पण बुडबुडे मोठे आणि पोकळ. डावा गाल उरकेपर्यंत उजव्या गालावरचा फेस बसलेला असतो, कातडी कोरडी पडलेली. हनुवटीखाली तर पातं सरकतच नाही, अडखळत जातं. रेझर तोच जुना डबल एज, पातं तेच सेव्हन ओ'क्लॉक. साध्या ट्यूबमधल्या क्रीमवर दोन्ही बिनतक्रार चालतात. शेवटी तुरटी फिरवली की सगळं बाहेर येतं. दाढी नीट झाली असेल तर तुरटी नुसती गार लागते. या साबणानंतर मानेवर अशी चरचरते की डोळ्यांत पाणी यावं.

डबीच्या तळाशी बारीक अक्षरात घटक छापलेत. आधी ग्लिसरीन सोप बेस, मग खोबरेल तेल, मग सुगंध. स्टिअरिक आम्लाचं नाव पार शेवटी. दाढीच्या साबणाला तेच तर भरपूर लागतं. फेस सायीसारखा दाट होतो आणि टिकतो तो त्याच्यामुळे. चांगल्या साबणात कॉस्टिक सोड्याच्या जोडीला पोटॅशियम हायड्रॉक्साइडही असतं, म्हणून तो पाण्यात चटकन विरघळतो. खोबरेल तेलातलं लॉरिक आम्ल फेस झटपट फुगवतं, पण तो बसतोही तितक्याच लवकर. थोडक्यात, हा अंगाचाच साबण, दाढीच्या डबीत ओतलेला.

आता दुसरी बाजू. माझा मेव्हणा हाच साबण आनंदाने वापरतो. "दाजी, तुमचा हात जड आहे," असं वर ऐकवतो. त्याची दाढी विरळ, रोज करतो, एकदाच सुलटी फिरवली की काम झालं. माझे खुंट राठ, तिसऱ्या दिवशी दाढी, आणि उलटा हात फिरवल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय त्याच्या नळाला खडकवासल्याचं पाणी, आमच्या सोसायटीत निम्मं वर्ष बोअरचं. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका करतात, फेस मरतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी घेऊनही पाहिलं. वाटीच्या कडेचा पांढरट थर गेला, फेसही जरा जास्त टिकला, पण पातं काही घसरेना. पाण्याचा दोष निम्मा, उरलेला साबणाचा.

विरळ दाढी आणि मऊ पाणी असेल तर वासासाठी खुशाल घ्या. राठ दाढीवाल्यांनी आधी घटक वाचावेत. स्टिअरिक आम्ल किंवा पोटॅशियम स्टिअरेट यादीत पहिल्या दोन-तीन नावांत नसेल तर डबी खाली ठेवावी. आधीच घेऊन बसलेल्यांनी फेसात ग्लिसरीनचे दोन थेंब घालून पाहावेत, मेडिकलमध्ये मिळतं. घसरण थोडी सुधारते. मग साडेचारशे कशाचे घेतले, हे मात्र दुकानदाराला विचारायचं.