रविवर्मा प्रेसची जुनी लक्ष्मी ऑनलाइन घेताय? पैसे टाकायच्या आधी हे वाचा

जुन्या तसबिरी, रविवर्मा प्रेसचे ओलिओग्राफ (म्हणजे चित्रकार राजा रविवर्मांच्या छापखान्यात दगडावरून छापलेली, तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत चित्रं), "आजोबांच्या काळातली ओरिजिनल" वगैरे फेसबुकवर पाहून घ्यायच्या विचारात असाल तर जरा थांबा. माझे १६,७०० रुपये गेले. ज्या पद्धतीनं गेले ती पद्धत अजून चालू आहे, परवाच पुन्हा तोच फोटो दिसला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. लांब झालंय, पण वाचा.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. जुनं घर मातीचं. गेल्या पावसाळ्यात जी झड लागली त्यात देवघराकडची भिंत बसली आणि भिंतीवरची लक्ष्मीची तसबीर खाली गाडल्या गेली. मलबा काढला तेव्हा काचेचा चुरा आणि कागदाचा लगदा, त्यातून हाताच्या पंजाएवढा एक तुकडा तेवढा धड निघाला, लुगड्याचा काठ आणि हत्तीची अर्धी सोंड. पणजोबांनी कापसाच्या पैशातून अमरावतीहून आणली होती असं घरात सांगतात, मूर्तिजापूरपर्यंत येऊन तिथून पुढं शकुंतला रेल्वेनं. पणजीनं तिच्या लुगड्यावर जरी आणि बारीक टिकल्या चिकटवलेल्या, तेव्हा घरोघरी बाया असं करायच्या. त्या तुकड्यावर दोन-तीन टिकल्या अजून आहेत. तो तुकडा आजीनं फेकू दिला नाही आणि पुढं तोच कामी आला.

आमच्याकडं महालक्ष्म्या मोठ्या असतात आणि मुखवट्यांच्या मागं हीच तसबीर लागायची. आजीचा तगादा सुरू झाला, "महालक्ष्म्या येऊन राह्यल्या, मांगं तसबीर नाई तं मुखवटे बोडके दिसतीन." मी दारव्ह्यातून एक नवीन चकचकीत फोटो फ्रेम करून आणला, तर आजी म्हणे, "हे लक्ष्मी नाई बाप्पा, हे तं सिरियलवाली हाय." मग जुनीच शोधायची ठरली.

जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर पोस्ट टाकली, आमच्या तुकड्याचा फोटो लावला आणि तासाभरात मेसेज आला. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, ते तसंही खोटंच असणार. प्रोफाइलवर समया, ग्रामोफोन, अडकित्ते, सगळं जुनं जुनं. बोलणं एकदम मऊ. "दादा, देवाची वस्तू आहे, मी याच्याकडं धंदा म्हणून बघत नाही." आजीची तब्येत विचारली, भिंत पुन्हा बांधली का विचारलं, शासनाची मदत मिळाली का विचारलं. दोन दिवस तर पैशाचा विषयच काढला नाही.

आणि माहिती पक्की सांगायचा, हे मुद्दाम लिहितोय. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, मशिनी जर्मनीतून आणल्या, पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं छापलं, मग प्रेस लोणावळ्याजवळ मळवलीला गेली, पुढं फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन माणसाला विकली, १९७२ मध्ये आग लागून सगळं जळालं. मी एकेक गोष्ट नेटवर तपासली, सगळी बरोबर निघाली. झालं, माणूस जाणकार आहे असं घरात सगळ्यांचंच मत पडलं. आता कळतं की त्यानं प्रेसचा इतिहास खरा सांगितला, वस्तूबद्दल एक वाक्य खरं नव्हतं. इतिहास कोणालाही पाठ करता येतो.

मग व्हिडिओ आला. व्हिडिओतली तसबीर शंभर टक्के खरी होती, हे आजही सांगतो. खिडकीजवळ तिरपी धरून दाखवली, वार्निश पिवळं पडलेलं, त्याला बारीक तडे, कागदावर कॅनव्हाससारखी उठावदार जाळी, खाली इंग्रजीत प्रेसचं नाव आणि लोणावळा. हत्तीच्या कानाजवळ छोटी फाटलेली जागा. तो व्हिडिओ त्यानं कुठून उचलला देव जाणे, पण ज्याच्या घरी ती खरी तसबीर आहे त्याला हे माहीतही नसेल.

किंमत १४,५०० सांगितली. लगेच "नागपूरची एक पार्टी अठरा द्यायला तयार आहे, पण ते हॉटेलात लावणार, तुम्ही देवघरात लावणार, म्हणून तुम्हाला." वर आणखी २,२०० पुरातत्त्व खात्याच्या सर्टिफिकेटचे, कारण काय तर "शंभर वर्षांवरची वस्तू, कायदा आहे दादा, उद्या पोलीस विचारतील." कायदा आहे, १९७२ चाच आहे, आणि त्यात शंभर वर्षांची अट पण आहे. पण त्या कायद्यात नोंदणी लागते तिथं ती ज्याची वस्तू आहे त्यानं सरकारच्या नोंदणी अधिकाऱ्याकडं अर्ज करून करायची असते, विकणारा पार्सलमध्ये घालून पाठवत नसतो. उलट अशा वस्तूंचा धंदा करायचा असेल तर लायसन विकणाऱ्याला लागतं. ते मागा, मग पाहा कसा विषय बदलतो तो. मला आलेलं सर्टिफिकेट म्हणजे अशोकस्तंभ छापलेला लॅमिनेटेड कागद, आणि त्यावर "अर्चिओलॉजी"चं स्पेलिंग चुकलेलं.

पेमेंट यूपीआयनं. नाव दुसरंच आलं, बाईचं. विचारलं तर म्हणे मिसेसचं अकाउंट आहे.

गावात कुरिअर येत नाही, दारव्ह्याहून आणावं लागतं. पार्सल एकदम मजबूत, थर्माकोल, बबल रॅप, प्लायवूड. त्यानं आधीच बजावलं होतं की उघडताना न थांबता एकच व्हिडिओ काढा, नंतर तक्रार ऐकणार नाही. काढला. आतली फ्रेम खरोखर जुनी सागवानी, खिळे गंजलेले, मागं जुना गुजराती पेपर डकवलेला. व्हिडिओत काय दिसणार, जुनी फ्रेम आणि लक्ष्मी. तोच व्हिडिओ नंतर त्यानं माझ्याच तोंडावर फेकला, "तुम्हीच तर काढलाय, वस्तू बरोबर आहे ना त्यात?"

पकडलं आजीनं. चष्मा पुसला, तसबीर तोंडाजवळ घेतली, मागून-पुढून पाहिली, आणि वास घेतला. "चहाचा वास येते याले." आम्ही हसलो. आईनं वास घेतला, मग मी घेतला. दमट हवेत कागदाला खरंच उकळलेल्या चहाचा वास होता. कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवतात, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे म्हणतात. कडेला डाग पण कसे, सगळीकडं सारखे, फ्रेमच्या पट्टीखाली झाकलेल्या भागावर सुद्धा.

माझा चुलतभाऊ नागपूरला डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात आहे. त्याला फोन केला तर त्यानं फोटो मागितलाच नाही, म्हणे आधी माप सांग. फ्रेममधून कागद काढून मोजला, अठरा बाय बारा इंच. तो म्हणे, "अबे हा तं आमच्या मशीनचा कागद हाय, लग्नाचे अल्बम याच साइजवर निघते." रविवर्मा प्रेसचं नेहमीचं मोठं चित्र साधारण वीस बाय चौदा इंचाचं असायचं. छोटी पण छापलेली आहेत, तेव्हा नुसत्या मापावर निकाल लावू नका, पण बरोबर अठरा बाय बारा आलं की कान टवकारा.

मग आणखी दोन तपासण्या केल्या. दोन्ही फुकट, तालुक्याच्या कोणत्याही गावी होतील अशा.

पहिली भिंगाची. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडं डोळ्याला लावायचं भिंग असतं, सराफाकडं पण असतं. दारव्ह्यात घड्याळवाल्याकडं आमचा जुना तुकडा आणि हा नवा कागद शेजारी ठेवून पाहिले. जुन्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असायचा आणि त्यावर कारागीर हातानं ठिपके काढायचे. म्हणून आमच्या तुकड्यात हत्तीच्या सोंडेवर करडे, निळसर, फिक्कट गुलाबी असे लहानमोठे वेडेवाकडे ठिपके, कुठं दाट कुठं विरळ, एकावर एक चढलेले. आणि नव्या कागदावर फक्त चार रंगांचे टिंब, निळे, गुलाबी, पिवळे, काळे, रांगोळीच्या कागदासारखे ओळीत बसलेले. घड्याळवाले काका साठीचे आहेत, छपाईशी संबंध नाही, पण त्यांनी एका मिनिटात सांगितलं की हे दोन एका जातीचे नाहीत.

त्याहून भारी म्हणजे खालची अक्षरं. खऱ्या प्रिंटमध्ये प्रेसचं नाव सरळ शाईत छापलेलं असतं, भिंगातून अक्षराची कड अखंड दिसते. माझ्या कागदावर ती अक्षरं सुद्धा टिंबांनी बनलेली, कडा धुरकट. म्हणजे खऱ्या तसबिरीचा फोटो काढून, अक्षरांसकट, मशीनवर मारलेला. हे एवढं एक जरी तपासलं तरी बहुतेक बनावट माल तिथंच उघडा पडतो.

दुसरी तपासणी कृषी केंद्रात. नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो ना काउंटरवर, त्याच्याखाली आमचा तुकडा धरला तर मळकट, विझल्यासारखा दिसला. नव्या कागदाचा जिथं चहा नीट मुरला नव्हता तो कोपरा ट्यूबलाइटसारखा निळा-पांढरा चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून जी पावडर घालतात ती साधारण १९५० नंतरची, शंभर वर्षांच्या कागदात ती नसतेच. तिथं बियाण्याच्या रांगेतले चार-पाच जण जमा झाले, प्रत्येकाला सगळं पुन्हा सांगावं लागलं.

आणखी एक, जे तेव्हा सगळ्यांच्याच नजरेतून निसटलं. तो म्हणाला होता प्रिंट १९१० ची, आणि कोपऱ्यात "खुद्द राजा रविवर्मांची सही". रविवर्मा १९०६ ला वारले. कोपऱ्यात सही दिसते ती मूळ पेंटिंगवरची, चित्रासोबत छापलेली, हजारो प्रतींवर तीच. सहीच्या नावावर जादा पैसे मागणारा कोणी भेटला तर तिथूनच नमस्कार करा.

त्याला फोन केला तर आधी गोड, मग "तुम्हाला जुन्या वस्तूतलं कळत नाही", मग ब्लॉक. दोन दिवसांनी दुसऱ्या नंबरवरून फोन, आम्ही कुरिअरच्या इन्शुरन्सकडून बोलतो, तुमचे पैसे परत आलेत, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. हा त्याच टोळीतला, कारण पार्सलचा नंबर त्याला तोंडपाठ. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पण सांगून ठेवा. इथं त्याची डाळ शिजली नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० या नंबरवर फोन केला आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाकली. तक्रार नोंदवली गेली, पण पैसे टाकून आठवडा उलटून गेला होता आणि खात्यातून रक्कम आधीच निघालेली. पैसे जाताच पहिल्या काही तासांत फोन केला तर खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. पण इथं खेळ असा की वस्तू हातात येईपर्यंतच आठवडा जातो आणि फसलो हे कळायला आणखी वेळ, म्हणजे तो वेळ त्यानं आधीच धरलेला असतो. स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार नंबर, पार्सलवरचं लेबल, काही फेकू नका. दुकानाची पावती असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ पण आहे.

घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याला चार गोष्टी मागा. खालच्या अक्षरांचा अगदी जवळून फोटो, शेजारी शाळेची मोजपट्टी ठेवून. आजच्या पेपरसोबत फोटो. फ्रेममधून काढलेल्या कागदाची मागची बाजू. आणि व्हिडिओ कॉल, रेकॉर्डिंग नाही. फोटो गूगल लेन्सवर टाकून पाहा, कुठल्या लिलावाच्या साइटवरचा असेल तर निघतो. "रिप्रिंट आहे" असं सरळ सांगून काहीशे रुपयांत देणारे लोक पण आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. देवघरासाठी तेच बरं असं माझं मत झालंय, आजीचं झालेलं नाही.

परवा तोच हत्तीच्या कानाजवळ फाटलेला फोटो दुसऱ्या नावानं, दुसऱ्या ग्रुपवर दिसला, किंमत आता १७,०००. चुलतभावानं त्याच्या नंबरवरून मेसेज केला. तोच व्हिडिओ आला, तीच नागपूरची पार्टी, तेच "देवाची वस्तू आहे दादा". भावानं फक्त खालच्या अक्षरांचा जवळून फोटो मागितला. तिकडून उत्तर आलं, "तुम्ही घेणारे वाटत नाही," आणि ब्लॉक.