ताम्बोपाताचे जंगल-लॉज: खोलीला चौथी भिंत नसते, हे धरून चला

पेरूच्या आग्नेयेला, माद्रे दे दिओस विभागात ताम्बोपाता नदीकाठी जे जंगल-लॉज आहेत, त्यांच्याबद्दल पाहुण्यांची मतं वाचली की गंमत वाटते. एकाच खोलीला कोणी पाच तारे देतो, कोणी एक, आणि दोघंही खरं बोलत असतात. खोलीला तीन भिंती, चौथ्या बाजूला थेट जंगल. काच नाही, बऱ्याच ठिकाणी जाळीही नाही. हे माहीत असून आलेला माणूस खूष असतो. तिथे पोहोचल्यावर कळलेला माणूस पहिल्याच सकाळी परतीच्या बोटीची चौकशी करतो. म्हणून एका लॉजला गुण देण्यापेक्षा या मुक्कामात काय मिळतं आणि पैसे कुठे वाया जातात, ते सांगणं जास्त उपयोगाचं.

पहिली चूक बुकिंगच्या वेळीच होते: दोन रात्रींचं पॅकेज. इथलं जवळचं शहर पुएर्तो माल्दोनादो, आणि तिथलं विमान लिमाहून कधीकधी कुस्कोला थांबून येतं. विमानतळावरून लॉजच्या शहरातल्या ऑफिसात जायचं, मोठी बॅग तिथे ठेवायची, दोन-तीन दिवसांचे कपडे छोट्या पिशवीत भरायचे, मग गाडीने धक्क्यावर आणि तिथून बोट. जवळचे लॉज बोटीने तासाभरावर, मधले अडीच-तीन तासांवर, आणि सगळ्यांत आतल्या लॉजवर पोहोचेपर्यंत अख्खा दिवस जातो. परतीला सकाळचं विमान असेल तर तो दिवसही गेला. म्हणजे दोन रात्रींत हातात उरतो एकच पूर्ण दिवस, आणि त्या दिवशी पाऊस लागला तर संपलंच. जवळ किंवा मध्ये राहायचं तर तीन रात्री, आत जायचं तर चार. पैसे तेवढेच असतील तर साधी खोली आणि एक रात्र जास्त, हा सौदा नेहमी बरा.

बोट लांबट, वर छत, मागे मोटर. वाटेत ताम्बोपाता राखीव क्षेत्राच्या चौकीवर नोंद होते, तेव्हा पासपोर्ट मोठ्या बॅगेत शहरात ठेवून येऊ नका. हे राखीव क्षेत्र 2000 साली झालं, सुमारे पावणेतीन लाख हेक्टरचं. मे ते ऑक्टोबर नदी उतरलेली असते. बोटीच्या टोकाला उभा मदतनीस बांबूने पाण्याची खोली चाचपत असतो आणि वाळूच्या पट्ट्यावर बोट टेकली की वेळापत्रक तासभर पुढे सरकतं. पावसाळ्यात पाणी भरपूर, पण वाहत येणारे ओंडके चुकवत जावं लागतं. उशीर झाला म्हणून नावाड्यावर चिडण्यात अर्थ नाही.

आता खोली. छप्पर ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेलं, त्यामुळे मुसळधार पाऊसही वर दबक्या आवाजात पडतो आणि दुपारी खोली तापत नाही. तोटा असा की वरून भुसा, पालींची लेंडं, कधी वटवाघळाची विष्ठा खाली येते. मच्छरदाणी डासांपेक्षा यासाठीच जास्त कामाची. ती दिवसभर पलंगावर सोडलेलीच ठेवा, आणि झोपताना कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचा. पायथ्याचा कोपरा खोचायचा राहतो, मग सकाळी तक्रार होते की जाळी फाटकी होती. दुसरी गोष्ट फोटोंत दिसत नाही: दोन खोल्यांमधल्या भिंती बहुधा छपरापर्यंत जातच नाहीत. शेजारच्याचं घोरणं, बॅगेची चेन, पहाटे चारचा गजर, सगळं ऐकू येतं. नवविवाहितांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. कडेची शेवटची खोली मागितली तर निम्मा त्रास वाचतो. पहाटे एक घरघर सुरू होते, दूर पुलावरून वारा घोंघावत यावा तशी. ती हाउलर माकडं. तो आवाज मात्र फुकट मिळालेला समजा.

खाण्याचं काहीही खोलीत ठेवू नका, बंद पाकीटसुद्धा. मुंग्या, उंदीर आणि रात्री फिरणारे ओपॉसम पिशवी कुरतडून आत शिरतात. चॉकलेट, बिस्किटं स्वागतकक्षात ठेवायला द्या. गमबूट लॉजवरच मिळतात (फार मोठं पाऊल असेल तर आधी माप कळवा), पण लांब जाड मोजे आपले न्या, नाहीतर पोटरी सोलवटते. बूट पायात घालण्याआधी उलटा करून झटकायचा, दर वेळी. हेडलॅम्प उशीपाशी, जाळीच्या आत.

बाथरूममध्ये पाणी कधी गार, कधी गॅसवरचं कोमट. कागद कमोडमध्ये नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. वीज बऱ्याच लॉजवर ठराविक तासच असते आणि चार्जिंगची जागा जेवणघरात, जिथे संध्याकाळी सहाला सगळ्यांचे फोन एकाच पट्टीवर लटकतात. पेरूत 220 व्होल्ट आहे. फोनच्या दोन बारीक पिनांचा चार्जर बसतो, तीन गोल पिनांचा बसत नाही. पॉवरबँक हाच खरा उपाय. एसीची महाग खोली घेणाऱ्यांना एक इशारा: गार खोलीतून बाहेर आल्याबरोबर कॅमेऱ्याच्या भिंगावर वाफ धरते आणि पहिली वीस मिनिटं धुरकट फोटो येतात. उघड्या खोलीत हा प्रश्नच येत नाही. जीन्स नेऊ नका. भिजली की मुक्काम संपेपर्यंत वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास मारते.

जेवण साधं आणि पोटभर: भात, कडधान्याचं कालवण, तळलेली केळी, युका (कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद), कोंबडी किंवा मासा, कोपोआसू या फळाचं आंबटगोड सरबत. शाकाहारी लोकांची आबाळ होत नाही, पण नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला भात किंवा सूप अनेकांच्या लेखी शाकाहारीच. बुकिंग करतानाच 'सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो' असं लिहून कळवा: कोंबडी नको, मासा नको, मांसाचं पाणीही नको. माशाबद्दल एक: या भागात सोन्याच्या बेकायदा खाणींमुळे नद्यांत पारा उतरला आहे, 2016 साली पेरू सरकारने त्यासाठी इथे आणीबाणीही जाहीर केली होती. गरोदर बाईने मोठा शिकारी मासा टाळलेला बरा.

बहुतेक लोक ज्यासाठी येतात ते मकाऊंचं (मोठ्या रंगीत पोपटांचं) चाटण, तिथल्या भाषेत कोल्पा. नदीने कापलेला चिकणमातीचा उभा कडा असतो आणि पोपट त्याला लटकून माती खातात. मातीतलं सोडियम हे त्याचं मुख्य कारण मानतात. समुद्र इतका दूर की पावसाबरोबर येणारं मीठ इथवर पोहोचतच नाही आणि झाडपाल्यातही ते कमी असतं. चुंचोचं चाटण सगळ्यांत नावाजलेलं. मधल्या लॉजवरून तिथे जायचं तर पहाटे चार-साडेचारला बोट सुटते. नदीतल्या बेटावर गोट्यांमध्ये स्टुलावर बसायचं, समोर पाण्यापलीकडे कडा. उजाडताना आधी छोटे हिरवे पोपट येतात. मकाऊ नंतर, आणि लगेच उतरत नाहीत: वरच्या झाडांत जोडीजोडीने बसतात, ओरडतात, एखादा दोन फांद्या खाली येतो, पुन्हा वर जातो. मग एकजण मातीला चिकटला की पाचेक मिनिटांत कडा लाल-निळा-पिवळा होऊन जातो. वरून ससाणा गेला किंवा कोणी उभं राहून हात हलवला, की सगळे एकदम उडतात आणि कधीकधी परतत नाहीत. पाऊस असेल तर येतच नाहीत. म्हणून कार्यक्रमात चाटणाची सकाळ शेवटच्या दिवशी ठेवू देऊ नका. आधी असली आणि हुकली, तर दुसरी संधी मागता येते. 8×42 दुर्बीण माणशी एक हवी. नवरा-बायकोत एक नेली तर भांडण ठरलेलं. गाईडच्या स्पॉटिंग स्कोपला फोन लावून फोटो बरे येतात, नुसत्या फोनमध्ये रंगीत ठिपके.

इथे खरा फरक गाईड पाडतो, खोली नाही. बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: एका गाईडमागे किती पाहुणे? सहापर्यंत ठीक. दहा असतील तर अरुंद पायवाटेवर एकामागे एक चालताना आठव्या-नवव्या माणसाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. कुठल्या भाषेचा गाईड, आणि तुमच्या गटातले बाकीचे तितक्याच रात्रींसाठी आहेत का, हेही विचारा. पाहुण्यांचे गट रात्रींनुसार जुळवले नसतील तर तुम्हाला चाटणाला जायचं असताना बाकीचे तलाव मागतात. पोसादा अमासोनास हा 1998 पासूनचा लॉज इन्फिएर्नो गावच्या एसे एहा आदिवासी लोकवस्तीबरोबर भागीदारीत चालतो. नफ्यातला 60 टक्के हिस्सा वस्तीचा, असा करार 1996 मध्ये झाला. अशा ठिकाणी जंगलाच्या काठी वाढलेला गाईड मिळण्याची शक्यता जास्त, आणि नजरेचा फरक पहिल्या तासात कळतो.

मचाण, म्हणजे तीसेक मीटरचा लोखंडी मनोरा, सकाळी सहाला चढा. दुपारी वर फक्त ऊन असतं. उंचीची भीती असलेल्यांनी जिना आरपार दिसणारा असतो, हे आधीच ऐकून ठेवावं. तलावांवर मोटर चालवत नाहीत, वल्ह्यांचा तराफा असतो. तिथली महापाणमांजरं शेपटीसकट पावणेदोन मीटरची, सकाळी मासे मारताना दिसतात. जवळ नेण्याचा हट्ट गाईडकडे धरू नका, चिडली की त्या भागातून निघून जातात. सांदोवाल तलावाला जायचं असेल तर धक्क्यापासून तीनेक किलोमीटर चालायचं, आणि पाऊस झाला असेल तर ते गुडघाभर चिखलातून. जग्वार? दिसला तर दिसला. हमी देणाऱ्या एजंटापासून लांब राहा.

मे ते ऑगस्टच्या सुमारास येणाऱ्यांना कोणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे फ्रियाहे. दक्षिणेकडून थंड हवा घुसते आणि तिशीतलं तापमान एका दिवसात पंधराच्या खाली येऊ शकतं, दोन-चार दिवस तसंच राहतं. उघड्या खोलीत दुसरं पांघरूण मागून घ्यावं लागतं आणि पहाटेच्या बोटीत दात वाजतात. प्राणीही गप्प बसतात. एक लोकरी जाकीट आणि कानटोपी पिशवीत तळाशी असू द्या.

किड्यांचं: 20 ते 30 टक्के डीईईटी (किडे दूर ठेवणारं औषध) पुरतं. आधी सनस्क्रीन, मग ते. हाताला लागलेलं पुसून मगच दुर्बीण धरा, कारण ते प्लास्टिक खातं. गवतावर, ओंडक्यावर बसू नका. इसांगो नावाचे डोळ्यांना न दिसणारे लाल किडे कमरपट्टा आणि मोज्यांच्या रेषेवर चावतात आणि आठवडाभर खाज सुटते. वाळूमाशीमुळे लेशमनियासिस हा त्वचेचा रोग होऊ शकतो, तेव्हा परतल्यावर एखादी जखम तीन-चार आठवडे भरत नसेल तर डॉक्टरांना कुठे गेलो होतो ते आपणहून सांगा.

टिप आणि किरकोळ खर्चासाठी सोल या पेरूच्या चलनाच्या छोट्या नोटा ठेवा. कोपरा फाटलेला डॉलर तिथे कोणी घेत नाही. आणि पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या. तिचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, पण दहा दिवस उलटल्यावरच ग्राह्य धरतात. पेरूहून भारतात उतरताना ते दाखवता आलं नाही तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, म्हणून ते पिवळं पुस्तक पासपोर्टच्या कव्हरमध्येच, लॉजवर नेणाऱ्या छोट्या पिशवीत.