भिंतीवरची हत्यारं: गावभागातल्या खोलीत अकरा महिने

सांगलीच्या गावभागात आमच्या जुन्या घराची खालची बारा बाय नऊची खोली मी सुतारकामाला घेतली आहे. धंदा नाही, हौस. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45 फूट), तेव्हा या खोलीत छातीएवढं पाणी होतं. बेंचखालच्या पेटीतली हत्यारं नंतर चिखलात चाचपडून काढली. पटाश्या घासूनपुसून कामाला आल्या, दोन मशीन मात्र भंगारात गेली. त्यानंतर बरंचसं सामान माळ्यावर गेलं, आणि माळ्यावर गेलेलं हत्यार पुन्हा हातात येत नाही, हा अनुभव कुणाला नाही? शेवटी गेल्या मे महिन्यात सगळं भिंतीवर घ्यायचं ठरवलं. पेगबोर्ड (हूक अडकवायचा भोकाभोकांचा बोर्ड), फ्रेंच क्लीट (एकमेकींत अडकणाऱ्या तिरक्या पट्ट्या), लोखंडी चॅनेल आणि चुंबकाची पट्टी असे चारही प्रकार लावून बघितले.

आधी भिंतीबद्दल, कारण माझा निम्मा वेळ तिथेच गेला. परदेशी व्हिडिओत माणूस भिंतीवर टकटक करतो, दर सोळा इंचांवर त्याला आतलं लाकूड सापडतं आणि तो स्क्रू मारून मोकळा होतो. आमच्याकडे रस्त्याकडची भिंत विटांची आणि मागची भेंड्याची, म्हणजे पांढऱ्या मातीची. विटांच्या भिंतीत ड्रिल घातलं की लाल भुकटी येते आणि गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती) घट्ट बसते. मागच्या भिंतीत घातलं तर पांढरी माती पिठासारखी गळत राहिली आणि गिट्टी स्क्रूबरोबर गरागरा फिरायला लागली. शेजारच्या मिस्त्रींनी बघितलं आणि म्हणाले, "सर, भेंडाय ह्यो. हितं गिट्टी धरायची न्हाई." मी ऐकलं नाही. लांब फासनर ठोकले, वर क्लॅम्पची फळी टांगली. तीन आठवडे टिकली. मग एका रात्री दोन वाजता अकरा क्लॅम्प, फळी आणि घमेलंभर माती एकदम खाली. घरातले सगळे काठ्या घेऊन उतरले होते.

उपायही मिस्त्रींनीच दाखवला. अशा घरात माडीचं वजन भेंड्यावर नसतं, भिंतीत गाडलेल्या लाकडी खांबांवर असतं. भेंडा नुसता मधे भरलेला. बारीक बिट घेऊन गिलाव्यात भोकं घेत गेलो. पांढऱ्या मातीऐवजी तपकिरी भुसा यायला लागला की खांब लागला. माझ्या भिंतीत ते साधारण साडेचार फुटांवर आहेत. त्यांच्यावर आडव्या जाड पट्ट्या मारल्या आणि सगळा भार त्या पट्ट्यांवर घेतला. जुनं सागवान फार कडक. आधी भोक न घेता स्क्रू मारला तर मान मोडते. स्क्रूला थोडा अंगाचा साबण लावला की सरळ आत जातो. तेव्हापासून काहीही पडलेलं नाही.

आता फ्रेंच क्लीट, माझ्या मते या सगळ्यातला राजा. प्लायची पट्टी लांबीतून 45 अंशात चिरायची. एक अर्धी भिंतीला, तिची धार वर आणि बाहेरच्या बाजूला. दुसरी अर्धी उलटी करून हत्याराच्या फळीच्या पाठीला. वरून अडकवलं की वजनानेच फळी भिंतीकडे ओढली जाते. ना कडी, ना कुलूप. जागा बदलायची तर उचलायचं आणि दुसरीकडे अडकवायचं. मी 18 मिलीमीटरच्या प्लायच्या तीन-तीन इंची पट्ट्या काढल्या आणि आठ-आठ इंचांवर ओळी लावल्या. सगळ्यात खालची ओळ 2019 च्या पाण्याच्या खुणेच्या वर.

प्लाय घेताना दुकानात "एमआर चालतंय की" असं सांगतात. एमआर म्हणजे थोडीफार ओल सोसणारा साधा प्लाय. कपाटाला चालत असेल. नदीकाठच्या खोलीत आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का असलेलाच घ्या. चार बाय आठची एक शीट चार हजारांच्या आतबाहेर पडली, आणि एवढ्या भिंतीला दीड शीट लागली.

चुका माझ्याकडूनही झाल्या. पट्टीची धार पहिल्यांदा तशीच ठेवली होती. ती सुरीसारखी असते, हाताला लागते, शिवाय खाचेत भुसा साठला की फळी नीट बसत नाही. रंध्याने धारेचे दोन-तीन मिलीमीटर काढून टाकले, दोन्ही तक्रारी गेल्या. दुसरं म्हणजे फळीच्या पाठीला खालच्या टोकाशी पट्टीच्याच जाडीचा तुकडा लावावा लागतो. नाहीतर फळी खालून आत झुकते आणि पटाश्या तिरक्या लोंबतात. तिसरी गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. फळी हलकी असेल तर हत्यार वर ओढताना तीही बरोबर उचलली जाते. स्क्रू ड्रायव्हरच्या फळीला आता खालून एक स्क्रू मारून टाकला आहे, म्हणजे तिच्यापुरता क्लीटचा मुद्दाच संपला. रंधे, क्लॅम्प, करवती यांना मात्र हा त्रास नाही. जड तेवढं चांगलं.

पेगबोर्डवर फार लिहिण्यासारखं नाही. हार्डबोर्डचा घेतला होता. मागे अर्धा इंच मोकळी जागा ठेवावी लागते, नाहीतर हूक आत जात नाहीत, हे दुकानात कुणी सांगितलं नाही. आषाढात त्याच्या कडा फुगल्या. हातोडी काढली की हूकही हातात येतो आणि भुशात पडून हरवतो. आता त्यावर फक्त गुण्या, पट्ट्या आणि पेन्सिलींचा डबा आहे. पत्र्याचा मिळतो, तो कदाचित बरा असेल. मला पुन्हा त्या वाटेला जायचं नाही.

चुंबकाची पट्टी मी पटाश्यांसाठी आणली आणि महिन्याभरात काढली. पटाशीला चुंबकत्व येतं आणि कानशीचा कीस तिच्या धारेला चिकटून बसतो. शिवाय घाईत लावलेली पटाशी एकदा सुटून चपलेच्या अंगठ्यापाशी रुतली. आता ती पट्टी ड्रिलचे बिट धरते, ते काम छान करते.

लाकडं ठेवायला मात्र खाचांचे लोखंडी चॅनेल आणि ब्रॅकेटच. ते विटांच्या भिंतीवर लावले, जड फळ्या खालच्या ब्रॅकेटवर, हलक्या रिपा वर. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात गेलो की मी वर बघत बसतो: भोपळे टांगलेले, जमीन कामाला मोकळी. तेच बघून मी बेंचखालची लाकडं हलवली. पाय पसरायला जागा झाली, एवढ्यानेच पाठदुखी कमी झाली असं मला वाटतं.

श्रावणात गंज आला. भिंतीला ओल असते आणि भिंतीला टेकलेलं लोखंड आधी तांबडं होतं. क्लीटमुळे मागे जी पोकळी राहते तिचा खरा फायदा मला तेव्हा कळला: त्याच खोलीत, त्याच तेलाने पुसलेल्या दोन करवती, क्लीटवरची स्वच्छ, खिळ्याला टांगून भिंतीला चिकटलेली डागाळलेली. खोबरेल तेल लावू नका, काही दिवसांनी चिकट होतं आणि त्यावर भुसा बसतो. शिलाई मशीनचं तेल बरं.

खरी परीक्षा त्याच पावसाळ्यात झाली. कोयनेतून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या आणि रिक्षावरची भोंग्याची सूचना सुरू झाली, तेव्हा मी आणि मुलाने फळ्या हत्यारांसकट उचलल्या आणि माडीवर नेऊन भिंतीला टेकवल्या. पस्तीस मिनिटं लागली. पेगबोर्डवरचं सामान एकेक काढून पिशवीत भरायलाच त्यातली दहा गेली. त्या वेळी पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परतलं. दोन दिवसांनी फळ्या खाली आणून अडकवायला वीस मिनिटं पुरली, कारण प्रत्येकीची जागा ठरलेली होती.

भुशाचं काही सांगू नका. उघडी हत्यारं म्हणजे दर रविवारी फडकं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी दारं असलेलं कपाटच करावं.

आता पुन्हा मे तोंडावर आहे. सगळं उतरवून पट्ट्यांची मागची बाजू बघायची आहे. दुसऱ्या खांबाच्या पायथ्याशी मातीची एक बारीक रेघ वर चढलेली दिसते. वाळवी नवी आहे की जुनी, ते खरवडल्यावर कळेल.