स्कूल बोर्डला उभं राहायचं डोक्यात असेल तर हे ट्रेनिंग करून घ्या

अमेरिकेत ज्यांची मुलं पब्लिक (म्हणजे सरकारी) स्कूलमध्ये आहेत आणि स्कूल बोर्डाची, म्हणजे या शाळांवर देखरेख करणाऱ्या स्थानिक मंडळाची, निवडणूक लढवावी का असा विचार चाललाय, त्यांच्यासाठी लिहितेय. पालक-उमेदवारांसाठीचं एक ऑनलाइन ट्रेनिंग मी केलं, खूप आवडलं.

सगळ्यात भारी भाग म्हणजे बोर्डाचं काम नेमकं काय ते. आपल्याला वाटतं निवडून आलो की टीचरबद्दल, बसबद्दल थेट ऑर्डर देता येईल, पण तसं नसतं हो, बोर्ड बजेट मंजूर करतं, धोरणं ठरवतं आणि बहुतेक ठिकाणी सुपरिंटेंडंट (शाळांचा मुख्य प्रशासक) नेमतं, रोजचा कारभार तो बघतो, एकट्या मेंबरला काहीच अधिकार नाही, जे काय ते मीटिंगमध्ये मत देऊन. बजेट वाचायला शिकवलं तेही मस्त, बहुतांश पैसा पगार आणि बेनिफिट्समध्ये जातो हे कळलं की प्रचारात काय वचन द्यायचं याचा विचार नीट होतो.

अर्जाचा भाग मात्र घाईत उरकला. अर्जाच्या तारखा, त्यावर लागणाऱ्या मतदारांच्या सह्या राज्याप्रमाणे बदलतात, ते लोकल इलेक्शन ऑफिसलाच विचारा. आणि ग्रीन कार्डवाल्यांनी आधी नियम बघा, बहुतेक ठिकाणी उमेदवार रजिस्टर्ड मतदार लागतो आणि मतदार व्हायला सहसा नागरिकत्व लागतं, हे तर पहिल्याच सेशनला सांगायला हवं होतं!

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. मी अर्ज भरतेय. आपल्यातल्या अजून आया-बाबांनी पण उभं राहावं असं फार वाटतं.