काळू-बाळूंच्या सात कॅसेट पेनड्राइव्हवर घ्यायला दिल्या (सोलापूर, नवी पेठ) – माझा अनुभव

या दुकानाला चार स्टार देतीये, पाचवा का नाही ते खाली सांगते, पण आधी कॅसेटबद्दल सांगायलाच पाहिजे, नाहीतर मी एवढं का लिहितीये ते कळणार नाही.

आमच्या अण्णांकडं काळू-बाळूंच्या तमाशाच्या सात कॅसेट आहेत. दुकानातनं विकत घेतलेल्या नाहीत, अण्णांनी स्वतः गावच्या यात्रेत टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकातच) मांडीवर ठेवून भरलेल्या. मोहोळ तालुक्यात आमचं गाव, चार कॅसेट 1986 च्या यात्रेतल्या आणि तीन पुढच्या वर्षीच्या, सगळ्या साठ मिनिटांच्या. मी तो तमाशा कधी बघितलेला नाही. आमच्यात तेव्हा बायकापोरी तमाशाच्या तंबूत जायच्या नाहीत, आम्ही घरी अंथरुणात पडून लांबून येणारी हलगी ऐकायचो आणि झोप लागायची. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा कॅसेट लावायचे, तेव्हा आई भाकरी थापता थापता हसायची आणि मी उंबऱ्यावर बसून ऐकायचे. त्यामुळं माझ्यासाठी काळू-बाळू म्हणजे फक्त आवाज. चेहरे मी खूप नंतर फोटोत बघितले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे दोघं खरे जुळे भाऊ. सांगली जिल्ह्यातलं कवलापूर त्यांचं गाव, लहू आणि अंकुश खाडे ही खरी नावं, जन्म 1933 चा. घरात तमाशा आधीपासून होता, शिवा-संभा कवलापूरकर म्हणून जो फड गाजलेला त्यातले संभा म्हणजे यांचे वडील. पुढं ‘जहरी प्याला’ या वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, दोघांनी हवालदारांचं काम केलं, त्या हवालदारांची नावं काळू आणि बाळू, आणि ती नावं अशी चिकटली की लहू-अंकुश कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, फडसुद्धा काळू-बाळू याच नावानं गावोगाव फिरला. तमाशात जोडीचं नाव लागणं तसं नवीन नाही, होनाजी-बाळा पेशवाईतले, त्यातला एक होनाजी शिलारखाने आणि दुसरा बाळा करंजकर, एक रचणारा आणि एक गाणारा. आणि आपल्या सोलापूरचं म्हणाल तर शाहीर राम जोशी इथलेच, घरची भिक्षुकी-कीर्तन सोडून तमाशात गेलेले, त्यामुळं या गावाला तमाशा परका आहे असं कुणी म्हणू नये. पण काळू-बाळूंचं वेगळं हे की दोघं सारखे दिसणारे, सारखा ड्रेस, आणि दोघंही सोंगाडे, म्हणजे हसवणारे. नेहमी एक शहाणा असतो आणि एक वेडा, इथं तसं नाही, इथं कोण शहाणा ते दर मिनिटाला बदलतंय आणि लोकांना तेच बघायचं असायचं.

तर कॅसेट. गेल्या दिवाळीत आमच्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट तुटला आणि त्या गडबडीत एका कॅसेटची टेप मूठभर बाहेर आली. पेन्सिल घालून गुंडाळली पण एका ठिकाणी चुरगळलीच. अण्णा काही बोलले नाहीत, नुसती कॅसेट हातात घेऊन बसले, आता 78 वर्षांचे आहेत आणि डोळ्यांनी कमी दिसतंय, त्यांचा दिवस ऐकण्यावरच जातो. तेव्हाच ठरवलं की हे सगळं पेनड्राइव्हवर घ्यायचं. पुण्याला कुरियर करा म्हणून दोघातिघांनी सांगितलं पण या कॅसेट कुरियरनं पाठवायची माझी हिंमत नव्हती, दुसरी कॉपीच नाही. मग नवी पेठेच्या मागच्या गल्लीतल्या या दुकानाचं कळलं, पूर्वी रेडिओ-टेप रिपेअरिंगचं होतं, आता लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट, ऑडिओ कॅसेट असं सगळं कॉम्प्युटरवर घेऊन देतात.

दुकान छोटं आहे, पार्किंग नाही, गाडी मेन रोडला लावून चालत जावं लागतं. दर साठवाल्या कॅसेटला दीडशे, नव्वदवालीला दोनशे, पेनड्राइव्ह आपला. मला हा दर योग्य वाटला, कारण कॅसेट कॉपी करणं म्हणजे फाइल कॉपी करणं नाही, एका तासाची कॅसेट घ्यायला एक तासच लागतो, ती पूर्ण वाजू द्यावी लागते. मालक काकांनी सातही कॅसेट एकेक करून उघडून बघितल्या, उजेडात धरल्या, एका कॅसेटवर पांढरी बुरशी दाखवली, आणि टेपच्या मागं जी छोटी फेल्टची गादी असते, पॅड, ते एकीचं गळून पडलेलं दाखवलं, ते पॅड नसलं की टेप हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज खोल गेल्यासारखा येतो म्हणाले. “काय आहे हो ताई यात?” म्हणून विचारलं. काळू-बाळू म्हटल्यावर त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मला तिथंच बरं वाटलं.

चार दिवस सांगितले होते, अकराव्या दिवशी फोन आला. उशिराचं मला काही वाटलं नाही, आधी फोन करून सांगितलं असतं तर मात्र बरं झालं असतं, दोन वेळा मी सात रस्ता चौकातनं उन्हात जाऊन परत आले.

घरी आणून अण्णांना लावून दिलं. आवाज स्वच्छ, खरखर अजिबात नाही, मी खूश. अण्णा दहा मिनिटं ऐकत होते आणि मग म्हणाले, “ही आपली कॅसेट न्हाई. ह्यांनी थांबलेलं सगळं काढून टाकलंय.” मला आधी कळलं नाही. मग मी मोबाइलवर फाइल बघितली, साठ मिनिटांची कॅसेट सत्तेचाळीस मिनिटांची झालेली. दुकानातल्या मुलानं सॉफ्टवेअरमध्ये शांतता आपोआप कापायचा ऑप्शन लावला होता, म्हणजे जिथं आवाज एका पातळीच्या खाली गेला तिथं कात्री. लग्नाच्या भाषणाच्या कॅसेटला ते चालत असेल, त्याची सवय झालेली असणार, पण इथं त्यानं नेमका जीवच काढून घेतला होता.

हे मला नीट सांगायचंय. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी सवाल-जवाबात, एक जण काहीतरी विचारतो. दुसरा लगेच उत्तर देत नाही. तो थांबतो. त्या थांबण्यात ढोलकीवाला एक बारीक थाप देतो, पुढं बसलेल्यातला कुणीतरी एकटाच खुदकन हसतो, मग ते हसू मागं मागं पसरत तंबूच्या कनातीपर्यंत जातं, आणि ते उतरायला लागलं की, पूर्ण थांबल्यावर नाही, उतरायला लागलं की, दुसरा उत्तर देतो. मग जो हशा होतो तो पहिल्याच्या दुप्पट. दुसऱ्या कॅसेटच्या बी साइडला एक जागा आहे, मी मोजली, नऊ सेकंद कुणी एक शब्द बोलत नाही आणि एकदम सगळा तंबू फुटतो. लहानपणी मला कळायचं नाही हे लोक कशाला हसले. अण्णा सांगतात, दोघं नुसते एकमेकांकडं बघत उभे होते, आरशात बघावं तसे, एकानं टोपी सरळ केली, दुसऱ्यानं पण केली. बास. हे मला दिसलेलं नाही तरी ते नऊ सेकंद मला पाठ आहेत, आणि फाइलमध्ये ते उरले होते एक सेकंद. हशा होता पण तो कुठनंतरी उगाच आल्यासारखा, कापून चिकटवलेला.

जुळ्यांचं काम तर याच्यावरच चाललेलं असतं हो. आवाज जवळजवळ सारखे, कॅसेटवर कोण काळू कोण बाळू मला आजही सांगता येत नाही, अण्णांना येतं. एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो आणि मधला श्वास कुणाचा हेच कळत नाही. तो श्वास काढला की दोन माणसांचा एकच माणूस होतो.

दुसरी गोष्ट हलगी. खरखर काढण्यासाठी जो फिल्टर लावला होता त्यानं वरचे आवाज खाल्ले, म्हणजे हलगीची कडकड, कड्याची किणकिण, तुणतुण्याची तार. गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं गाणं, सुरू होताना हलगी अशी वाजली पाहिजे की घरातल्या माणसानं चप्पल शोधावी, इथं ती पुठ्ठ्याच्या डब्यासारखी वाजत होती.

मी पेनड्राइव्ह घेऊन परत गेले. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनं गेले होते. काकांनी माझ्यासमोर हेडफोन लावला, मूळ कॅसेट डेकवर लावली, आणि फाइल आणि कॅसेट आलटून पालटून ऐकली, दहा-बारा मिनिटं तरी, गिऱ्हाईक उभं असताना. मग म्हणाले, “ताई, चूक आमची आहे, पुन्हा भरून देतो, पैसे लागणार नाहीत.” आणि मुलाला बोलावून त्यालाही ऐकवलं, रागावले नाहीत, ते नऊ सेकंद ऐकवले आणि विचारलं, आता सांग यात काय वाजतंय. तो मुलगा विशीतला असेल, त्यानं तमाशा कधी ऐकलेला नव्हता, पण दुसऱ्यांदा ऐकताना हसला.

दुसऱ्या वेळचं काम मात्र मनापासनं केलंय. डेकच्या हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो प्रत्येक कॅसेटसाठी फिरवून हेडचा कोन जुळवला, कारण ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं त्याचं हेड आणि यांच्या डेकचं हेड जरा वाकडंतिकडं असलं की वरचे आवाज दबतात, म्हणजे अर्धी हलगी तिथंच गेलेली होती. तो फरक मला दुकानात उभं राहून ऐकू आला, स्क्रू फिरवला आणि धुकं उठल्यासारखं झालं. आणि एक गोष्ट जी मी सांगितलीच नव्हती. अण्णांचा टू-इन-वन सेलवर चालायचा, रात्र सरत आली की सेल उतरायचे, टेप हळू फिरायची, आणि हळू फिरताना भरलेलं नीट स्पीडला लावलं की आवाज चिरका आणि घाईत येतो. आम्हाला वाटायचं पहाटेला कलाकारच घाई करायचे! काकांनी पहिल्या कॅसेटमधल्या पेटीचा स्वर धरला आणि चौथ्या कॅसेटमधली पेटी त्या स्वराला येईपर्यंत स्पीड खाली आणला. पेटीचा स्वर रात्रीत बदलत नाही, म्हणून तो धरायचा. सदतीस-अडतीस वर्षांनी पहाटेचा वग पहिल्यांदा पहाटेच्या चालीनं ऐकायला मिळाला.

फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबलेली मोठी फाइल) मागा, एमपीथ्री वेगळी करून घ्या. साठ मिनिटांच्या कॅसेटची डब्ल्यूएव्ही साधारण 600 एमबी होते, माझ्या सहा कॅसेटचे साडेतीन जीबी झाले, 16 जीबीचा पेनड्राइव्ह भरपूर झाला. आणि देतानाच कागदावर लिहून द्या – शांतता कापू नका, खरखर काढू नका. खरखर नंतर कधीही काढता येते, गेलेलं परत येत नाही. कॅसेटवर बुरशी असेल तर घरी लावून बघू नका, ती हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते.

साइड बदलताना जे गेलं ते गेलंच आहे. तीन ठिकाणी वाक्य अर्ध्यात तुटतं आणि पुढच्या साइडला दुसरंच चाललेलं असतं, तिथं अण्णा स्वतः मधलं बोलून दाखवतात, दोन्ही आवाजात. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलंय, काकांना विचारलं तर म्हणाले जोडू नका, वेगळी फाइल ठेवा, आणि मला ते पटलं.

2011 मध्ये काळू म्हणजे लहू खाडे गेले तेव्हा अण्णांनी दिवसभर कॅसेट लावली नव्हती, संध्याकाळी लावली. त्यांना फड कुठल्या गावात कुठल्या साली आला ते अजून सांगता येतं. चैत्रात गावची माणसं नारायणगावला फडांच्या राहुट्यांवर, म्हणजे बुकिंगच्या तंबूंवर, सुपारी ठरवायला जायची, आणि आमच्या गावची माणसं कवलापूरकरांचाच फड पाहिजे म्हणून अडून बसायची म्हणे, वग पाठ असला तरी. पाठ असलेलं परत ऐकायला लोक का जायचे हे मला आता त्या नऊ सेकंदांमुळं थोडं कळतं. पुढं काय होणार ते सगळ्या तंबूला माहीत, तरी ते कधी होणार ते फक्त त्या दोघांच्या हातात.

पाचवा स्टार राखून ठेवला तो पहिल्या वेळी न विचारता कापलं म्हणून, आणि फोन न केल्याबद्दल. गुरुवारी बंद असतं, दुपारी दोन ते चार पण बंद, सकाळी अकरानंतर जा म्हणजे काका स्वतः असतात. मूळ कॅसेट सगळ्या परत दिल्या, प्रत्येकीला नवीन डबी आणि वर पेन्सिलनं साल. पॅड गळालेली सातवी तेवढी त्यांच्याकडं आहे, दुसऱ्या रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात टेप बसवून बघतो म्हणालेत. त्यात गौळण आहे. अण्णा रोज विचारतात फोन आला का.