बाळाचं जेवण फ्रीझरमध्ये: सिलिकॉन ट्रे काही महिने वापरल्यानंतर

आपल्याकडे प्रसूती रजा 26 आठवड्यांची आणि बाळाला वरचं अन्न सुरू करायचं तेही सहा महिने पूर्ण झाल्यावर. बाळंतपणानंतर सगळी रजा सलग घेतली, तर ती संपते आणि त्याच सुमारास भाज्या उकडणं, वाटणं, गाळणं सुरू होतं. लेकीचं उष्टावण झालं आणि लगेच माझं ऑफिस सुरू झालं. त्या दिवसांत हा ट्रे घेतला. आता ती वर्षाची व्हायला आली आहे आणि ट्रे जवळजवळ रोज वापरात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वस्तू साधी आहे. फूड ग्रेड सिलिकॉनचा, झाकणाचा ट्रे. प्रत्येक खणात 30 मिली, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे मावतात. सुरुवातीला बाळ खातंच दोन-तीन चमचे, त्यामुळे हे माप अगदी बरोबर पडतं. पुढे भूक वाढली की दोन वड्या, मग तीन. घेताना झाकण नीट बसतं का ते आवर्जून बघा, कारण उघड्या ट्रेमध्ये वरचा थर सुकतो, त्यावर बर्फाचा भुगा जमतो आणि शेजारच्या मासळीचा वासही लागतो. सिलिकॉन मऊ असल्यामुळे खालून अंगठ्याने दाबलं की वडी टुणकन बाहेर येते. प्लास्टिकच्या बर्फाच्या ट्रेसारखं पिळावं किंवा आपटावं लागत नाही. मात्र भरलेला ट्रे उचलताना मधोमध वाकतो आणि सगळं सांडतं, तेव्हा खाली ताटली ठेवूनच तो फ्रीझरमध्ये सरकवायचा.

माझी पद्धत अशी. रविवारी सकाळी भाज्या कुकरमध्ये वाफवते आणि उकडल्याचंच थोडं पाणी घालून मिक्सरमधून काढते. मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नाही. मग पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहते. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न ओट्यावर तासन्‌तास निवत ठेवायचं नाही. फ्रीझर जंतूंना मारत नाही, त्यांची वाढ फक्त थांबवतो. आत जाताना अन्न जसं असेल, तसंच ते बाहेर येणार. वड्या घट्ट झाल्या की त्या पिशवीत भरते, पिशवीवर पदार्थ आणि तारीख लिहिते आणि ट्रे पुढच्या भाजीसाठी मोकळा करते. चव आणि पोत उतरायच्या आत, महिन्याभरात सगळं संपवते.

सासूबाईंचा पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न होता, "अगं, तान्ह्या पोरीला शिळं घालायचं?" मला तो प्रश्न रास्त वाटतो. आपल्याकडे बाळाला ताजं आणि कोमट देतात, त्यामागे पिढ्यांचं शहाणपण आहे. फ्रीज नव्हते तेव्हा सकाळची पेज संध्याकाळी देणं खरंच धोक्याचं होतं. त्यावर आमच्या घरात एक तोडगा निघाला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकाराचा कणा तोच आहे: धान्य रोज ताजं शिजवायचं, गोठवायची ती फक्त भाजी आणि फळं. मऊ भात, मुगाची खिमट, नाचणीचं सत्त्व सासूबाई सकाळी करतात आणि त्या वाफाळत्या पातेल्यात मी भोपळ्याची एक वडी सोडते. कडेने केशरी रंग सुटत जातो, वडी विरघळते आणि पुन्हा एक चटका दिला की जेवण तयार. भात गोठवून वेळ वाचेल असं वाटतं खरं, पण भातात शिजवल्यावरही टिकणारे जिवाणूंचे बीजाणू असतात. भात निवायला उशीर झाला तर तेच त्रास देतात. शिवाय गोठवलेला भात कोरडा, टणक होतो, मऊ जेवणाऱ्या बाळाच्या कामाचा राहत नाही.

काय चांगलं गोठतं? लाल भोपळा पहिल्या नंबरावर, बाहेर आल्यावर तो ताज्याइतकाच मऊसूत लागतो. रताळं, गाजर, मटार, बीट, वाफवलेलं सफरचंद, पालकही छान. मटार मात्र गाळणीतून काढा, सालं घशाशी येतात. बटाटा गोठवू नका, विरघळल्यावर पाणी सुटून रवाळ होतो. नाचणीच्या सत्त्वाचंही तसंच, पाणी वेगळं आणि गोळा वेगळा. दही फुटतं. केळं काळं पडतं आणि तसंही ते आयत्या वेळी कुस्करायला अर्धं मिनिट लागतं, त्यासाठी फ्रीझर कशाला?

आता फ्रीजबद्दल, कारण ट्रे कितीही चांगला असला तरी खरं काम फ्रीझरचंच आहे. अन्न साठवायला उणे 18 अंश हवेत. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा छोटा कप्पा तेवढा थंड होतोच असं नाही. कप्प्यावर ताऱ्यांची खूण असेल तर बघा: एक तारा म्हणजे उणे 6, दोन म्हणजे उणे 12, तीन म्हणजे उणे 18. दारावरच्या वीजबचतीच्या स्टिकरवरचे तारे वेगळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही. खूण नसेल तर फ्रीझरचा थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. कप्पा तेवढा थंड नसेल तर महिन्याभराचा साठा करूच नका, ताजं करून एक-दोन दिवस खाली फ्रीजमध्ये ठेवणं बरं.

वीज जाते तेव्हा काय, हा प्रश्न ज्यांच्याकडे भारनियमन आहे त्यांना पडणारच. मी फ्रीझरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलं आहे. नाणं बर्फात खाली रुतलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं असं समजायचं आणि साठा टाकून द्यायचा. वीज गेलेली असताना दार उघडायचं नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

पाळणाघरात पाठवायचं असेल तर वड्या आदल्या रात्री स्टीलच्या डब्यात घालून खाली फ्रीजमध्ये ठेवते. अशा विरघळलेल्या वड्या 24 तासांत संपवायच्या, पुन्हा गोठवायच्या नाहीत. गरम करायला डबा उकळत्या पाण्यात ठेवते, वाफ येऊ देते, मग कोमट करून भरवते. मायक्रोवेव्हमध्ये मधेच एखादा घास चटका बसेल इतका तापतो, म्हणून तिथे करणार असाल तर नीट ढवळा आणि आधी स्वतः चाखा. चमचा बुडालेल्या वाटीतलं उरलेलं ठेवायचं नाही, त्यात बाळाची लाळ गेलेली असते.

तक्रारी दोनच. सिलिकॉन वास धरतं. पालकानंतर सफरचंद लावलं तर ते कळतं, म्हणून फळांना वेगळा ट्रे ठेवा आणि अधूनमधून पाण्यात उकळून उन्हात वाळवा. दुसरं म्हणजे गाजर आणि बीट यांचा रंग जात नाही. माझ्या ट्रेचे चार खण कायमचे गुलाबी झाले आहेत, वापराला त्याने काही फरक पडत नाही.

लेकीला दहाव्या महिन्यानंतर वाटलेलं नकोसं झालं, तिला चावायला हवं असतं. आता भाजी मिक्सरमधून न काढता काट्याने कुस्करते आणि जाडसरच गोठवते. पालकाच्या वड्या राहिल्या होत्या, त्या आमच्याच थालीपिठाच्या पिठात जातात.