दाणाबंदरच्या गोदामातली धुरी: पाचपैकी तीन तारे

धुरी देणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही. पोरं मेहनती होती, माझं भांडण मालकाच्या घाईशी आहे.

दाणाबंदरला माझ्या दिरांचं छोटं गोदाम आहे. जूनच्या तोंडावर गव्हात सोंडे आणि तांबडे भुंगेरे निघाले. मी कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायचे, त्यामुळे किडा दिसला की घरच्यांना मी आठवते.

मांडणी उत्तम होती. थप्प्यांवर जाड ताडपत्री, तिच्या कडेवर वाळूच्या लांबट पिशव्या, टोकं एकमेकांवर चढवलेली. धुरीचा वायू, फॉस्फीन, तांब्याला खातो म्हणून विजेचे बोर्ड आधी झाकले. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या ३ ग्रॅमच्या गोळ्या थाळ्यांत सुट्या ठेवल्या. हवेतल्या ओलाव्याने एकीतून साधारण १ ग्रॅम वायू सुटतो. शेजारच्या एकाने घरच्या तांदळाच्या डब्यासाठी दोन गोळ्या मागितल्या, तर पोरांनी साफ नकार दिला. शाबास! या गोळ्या घरात माणसं मारतात.

सुपरवायझरला विचारलं, "किडा मरतो कसा रे?"

"मॅडम, गॅस रक्तात जातो, रक्त नासतं."

अर्धे गुण. किड्याचं रक्त ऑक्सिजन वाहतच नाही, म्हणून तर ते लाल नसतं. हवा अंगावरच्या छिद्रांतून नळ्यांवाटे थेट पेशींपाशी पोचते. फॉस्फीनही त्याच वाटेने आत शिरतो आणि मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातलं, श्वसन अडवतो. रक्तपेशींचं काम वेगळं: जंतू गिळायचे, जखम बुजवायची. झुरळाची मिशी कापून थेंब काचपट्टीवर घ्यायचा, जिम्सा नावाच्या रंगाने रंगवायचा, की गोल, चातीसारख्या, दाणेदार अशा पेशी दिसतात. वर्गातली मुलं दरवर्षी "एवढंच रक्त?" म्हणायची. विषारी वायू लागलेल्या किड्याच्या पेशींत पोकळ्या पडतात, कडा फाटतात, त्यांची संख्याही बदलते. म्हणजे रक्त नासतं खरं, पण मूळ घाव श्वसनावर बसलेला असतो. पोरगा मन लावून ऐकत होता. मालकाला मात्र पुढच्या कामावर जायचं होतं.

आणि इथेच तारे गेले. ठरले होते सात दिवस, ताडपत्री निघाली तिसऱ्या दिवशी सकाळी. "बघा, सगळे खलास." जमिनीवर मेलेल्या भुंगेऱ्यांचा सडा होता, खोटं कशाला बोलू. पण प्रौढ किडे आधीच मरतात. अंडी आणि कोष फॉस्फीनला बराच काळ दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी गोळ्या वाढवून भागत नाही, दिवस वाढवावे लागतात. वायू गेला की नाही, हे मालकाने नाकाने तपासलं! लसणासारखा वास येतो तो भेसळीच्या घटकांचा. शुद्ध फॉस्फीनला वासच नसतो.

तीन आठवड्यांनी चाळणीत पिवळट अळ्या वळवळत होत्या. फोन केला तर म्हणे, "नवा माल आला असेल." आला नव्हता. दिरांनी वही काढून दाखवली तेव्हा गडी नरमला.

दुसरी फेरी फुकट करून दिली. या वेळी पूर्ण सात दिवस, आणि उघडताना वायू मोजायचा मीटर आणला होता. त्यासाठी एक तारा परत देते. तेव्हापासून दोन महिने चाळणी कोरी आहे. दीर रोज सकाळी चाळतात आणि मला फोन करून सांगतात, सव्वासहाला.